‘आर्द्रता’ मावत नाही : छोट्या रंगीत पडद्यांच्या लायब्रऱ्या आणि देवनागरी

‘छोटा पडदा’ म्हटले की आपल्याला टीव्ही आठवतो. या लेखातला पडदा त्याहून पुष्कळ छोटा आहे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, १.८ इंचांचा, रुंदीला १२८ आणि उंचीला १६० ठिपक्यांचा, स्वस्तात मिळणारा रंगीत डिस्प्ले. पाण्याच्या पंपाचे स्वयंचलित बटण, हवामानाची पेटी, विद्यार्थ्यांचे विज्ञान प्रदर्शनातले प्रकल्प यांत तो आता सर्रास दिसतो. त्यावर अक्षर उमटवायचे तर मायक्रोकंट्रोलर नावाच्या छोट्या चिपला ते कसे काढायचे हे सांगावे लागते. हे सांगणारी तयार संहिता म्हणजे डिस्प्लेची ‘ड्रायव्हर लायब्ररी’. अशा चार लायब्रऱ्या मी गेली काही वर्षे वाचतो आहे. ‘वापरतो’ ऐवजी ‘वाचतो’ हा शब्द जाणूनबुजून योजला आहे. त्यांची संहिता सर्वांसाठी खुली आहे, तिला कर्ते आहेत, आवृत्त्या आहेत, टिपा आहेत, पाठभेदही आहेत. मग तिची समीक्षा का होऊ नये?

माझे या विषयातले शिक्षण कोणत्याही महाविद्यालयात झालेले नाही. ते दुरुस्तीच्या टेबलावर झाले. परभणीसारख्या गावी बसून या गोष्टींवर लिहिणाऱ्याला ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ऐकून घ्यावेच लागते. पण प्रश्न इथूनच सुरू झाला. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२पासून ज्या जिल्ह्यात आहे, तिथे तापमान, आर्द्रता, पर्जन्यमान हे शब्द शेतकऱ्यांच्या कानांवरून रोज जातात. मी तयार केलेल्या हवामानाच्या पेटीवर आर्द्रतेच्या आकड्याआधी इंग्रजीतली तीन अक्षरे येत. जिंतूरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने ती जोडून वाचली आणि विचारले, “भाऊ, हे ‘हम’ कोण?” प्रश्न विनोदी होता, उत्तर नव्हते. ‘आर्द्रता’ हा शब्द त्या पडद्यावर मावत नव्हता.

एका ठिपक्यावर उभी राहिलेली चित्रकला

आधी गुण सांगतो. न्यूयॉर्कच्या अॅडाफ्रूट या कंपनीची ‘जीएफएक्स’ ही लायब्ररी मूळ लिमोर फ्रीड यांनी लिहिली. तिची रचना मला सुरेख वाटते. पडदा कोणत्याही कंपनीचा असो, त्याच्या ड्रायव्हरने एकच काम शिकून यायचे : अमुक जागी अमुक रंगाचा ठिपका ठेवणे. रेघ, चौकोन, वर्तुळ, अक्षर हे सारे त्या एका कामातून लायब्ररी उभे करते. तिरकी रेघ काढण्यासाठी ती जॅक ब्रेझनहॅम यांनी आयबीएममध्ये असताना १९६२ साली मांडलेली, केवळ बेरीज-वजाबाकीवर चालणारी रीत वापरते. गुणाकार-भागाकार जड जाणाऱ्या चिपला ही साठ वर्षांपूर्वीची युक्ती आजही तारते.

पडद्याच्या आतला कारभारही सरळ आहे. ड्रायव्हर आधी स्तंभांची हद्द सांगतो, मग ओळींची हद्द सांगतो, आणि ‘आता रंग भर’ अशी आज्ञा देतो. पुढे प्रत्येक ठिपक्यासाठी १६ बिट पाठवायचे : लालसाठी ५, हिरव्यासाठी ६, निळ्यासाठी ५. आपला डोळा हिरव्या छटा अधिक बारकाईने ओळखतो म्हणून उरलेला एक बिट हिरव्याला. असे ६५,५३६ रंग होतात. २४० गुणिले ३२० ठिपक्यांचा जरा मोठा पडदा एकदा भरायचा तर १,५३,६०० बाइट पाठवावे लागतात. अर्डुइनो उनोवरच्या चिपची कामाची स्मृती २,०४८ बाइटची. म्हणजे पूर्ण चित्र तिच्या डोक्यात कधीच मावत नाही. ते तुकड्या-तुकड्यांनी पाठवणे हीच इथली कारागिरी.

या काटकसरीतूनच अक्षराची व्याख्या ठरली, आणि माझा आक्षेप तिथे सुरू होतो.

एक बाइट, एक अक्षर, एक चौकट

जीएफएक्समध्ये मूळचा फॉन्ट ५ ठिपके रुंद आणि ७ ठिपके उंच आहे. शेजारची मोकळी जागा धरून प्रत्येक अक्षराला ६ गुणिले ८ची चौकट. मजकूर एकेक बाइटने आत येतो. प्रत्येक बाइट म्हणजे एक अक्षर, प्रत्येक अक्षराची एक चौकट, आणि चौकटी डावीकडून उजवीकडे. ही समजूत एकट्या जीएफएक्सची नाही. ज्या अर्डुइनोच्या छपाई-यंत्रणेवर ती उभी आहे, तिच्यातच ती मुरलेली आहे. इंग्रजीसाठी ती निर्दोष चालते.

आता ‘आर्द्रता’ घ्या. युनिकोडमध्ये या शब्दाचे आठ घटक आहेत : आ, र, हलन्त, द, हलन्त, र, त आणि काना. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत प्रत्येक देवनागरी घटकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण चोवीस. लायब्ररी त्यांना चोवीस अक्षरे समजते आणि चोवीस परकी चिन्हे छापते. देवनागरीच्या प्रत्येक घटकाचा पहिला बाइट सारखाच असल्याने त्यांतले एक चिन्ह आठ वेळा येते. चोवीस चौकटींची रुंदी होते १४४ ठिपके आणि पडदा आहे १२८चा. ‘आर्द्रता मावत नाही’ हे मी शब्दशः म्हणतो आहे.

मराठी वाचकाला मात्र या शब्दात तीनच अक्षरे दिसतात : आ, र्द्र, ता. आणि ती काढायला पाच ठसे पुरतात : आ, द्र, रफार, त, काना. आठ घटक, तीन अक्षरे, पाच ठसे. हे तीन आकडे वेगळे असतात, हे ज्या व्यवस्थेला ठाऊक नाही तिच्याकडून मराठी लिहून घेता येत नाही.

ऑलिव्हर क्राउस यांची ‘यू८जी२’ ही एकरंगी पडद्यांची लायब्ररी आणि ‘बॉडमर’ या नावाने लिहिणाऱ्या कर्त्याची ‘टीएफटी ई-एसपीआय’ ही रंगीत पडद्यांची लायब्ररी एक पाऊल पुढे आहेत. तीन बाइट मिळून एक घटक होतो हे त्यांना कळते. पण घटक ओळीने मांडून त्या थांबतात. ‘आर्द्रता’ मग पाय मोडलेल्या र आणि द यांची रांग होऊन येते, आणि ‘स्थिती’मधली ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर लोंबते. बाराखडी नुकती शिकलेले मूलही असे लिहीत नाही.

अरबीला जागा मिळाली, देवनागरीला का नाही?

हंगेरीचे गाबोर किश-वामोशी यांनी सुरू केलेली ‘एलव्हीजीएल’ ही या चौघींत सर्वांत मोठी. बटणे, याद्या, आलेख असा पूर्ण संसार तिच्यात आहे. तिच्यात अरबी आणि फारसी अक्षरांची जोडणी करणारी सोयही आहे. हे पाहून कोणी म्हणेल, त्यांनी मागणी केली, आपण केली नाही. ते अर्धेच खरे आहे.

खरे कारण युनिकोडच्या मांडणीत आहे. अरबी अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी वेगळे रूप घेते. जुन्या व्यवस्थांशी जुळवून घेण्यासाठी युनिकोडने या रूपांनाही स्वतंत्र क्रमांक दिले. त्यामुळे ‘क्रमांक द्या, ठसा घ्या’ एवढेच जाणणारी लायब्ररी अरबी लिहू शकते. देवनागरीला युनिकोडने मुख्य तक्त्यात १२८ जागा दिल्या, त्या भारताच्या ‘इस्की’ या मानकाच्या धर्तीवर. त्यात अर्ध्या ‘स’ला क्रमांक नाही, रफाराला नाही, ‘द्र’ला नाही. स आणि हलन्त द्या, अर्धा स कसा दिसावा ते फॉन्टने आणि जोडणीच्या यंत्रणेने ठरवावे, असा तो करार. संगणकावर आणि मोबाइलवर ‘हार्फबझ’सारखी यंत्रणा तो करार पाळते. २,०४८ बाइटच्या चिपवर तो पाळायला कोणी नाही.

युनिकोडचा हा निर्णय चूक आहे असे मला वाटत नाही. मराठी मजकूर साठवताना, शोधताना, अकारविल्हे लावताना तोच शहाणपणाचा ठरतो. दोष आहे तो मजकूर आणि ठसा एकच मानणाऱ्या लायब्रऱ्यांत.

हा प्रश्न आपण आधी सोडवलेला आहे

अभियंत्यांना हा प्रश्न नवा वाटतो. मराठी मुद्रणाच्या इतिहासाला तो नवा नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. शिळेवर हाताने लिहिलेले पान जसेच्या तसे उमटते. जोडाक्षराची अडचणच येत नाही. आज पडद्यावर ‘आर्द्रता’ हा शब्द चित्र म्हणून साठवून चिकटवतात, ती हीच शिळाप्रेसची रीत. दहा ठरावीक शब्दांसाठी ती उत्तम. पण गावाचे नाव बदलले, सूचना बदलली, की नवी शिळा.

सुट्या खिळ्यांचे युग आले तेव्हा दोन मार्ग दिसू लागले. मात्रा-रफारासह एकसंध ओतलेला ‘अखंड’ खिळा, आणि वरचा, मधला, खालचा असे तुकडे जुळवण्याची ‘डिग्री’ पद्धत. अखंड अक्षर देखणे, पण खिळ्यांच्या केसेत शेकडो खण. डिग्रीत खण कमी, पण जुळाऱ्याचे काम अधिक. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने (स्थापना १८६९) अक्षराच्या देखणेपणाचा मापदंड घालून दिला. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी कष्ट घेतले. सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीने स्वरच आटोक्यात आणू पाहिले. बापूराव नाईकांनी हा सगळा व्यवहार ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’च्या तीन खंडांत मांडला, ते भाषा संचालनालयाने १९७१ साली प्रसिद्ध केले.

पडद्याचा प्रश्नही पुण्यात सुटला होता. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयआयटी कानपूरमध्ये आकार दिलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. त्यातले जिस्ट कार्ड संगणकात बसवले की फक्त इंग्रजी जाणणाऱ्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसे. मजकूर इस्कीत साठवलेला, आणि पडद्यावर जाताना कार्ड त्याची अक्षरे जुळवून देणार. म्हणजे त्या कार्डावर एक जुळारी बसलेला होता. आज कित्येक छोट्या चिपा त्या काळच्या घरगुती संगणकांच्या तोडीच्या झाल्या आहेत, पण त्यांच्यात जुळारी नाही.

जुळारी किती छोटा करता येईल?

टीका करणाऱ्याने पर्यायही सांगावा. पूर्ण हार्फबझ छोट्या चिपवर बसवण्याचा अट्टहास मला नको. मराठीपुरता जुळारी फार थोड्या नियमांवर चालतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षरसमूहाच्या आधी न्यावी. समूहाच्या आरंभीचा र् रफार होऊन शेवटी डोक्यावर जावा. हलन्तानंतरचा र खाली तिरका लागावा. उभ्या दांड्याच्या अक्षराचा दांडा काढला की अर्धे रूप मिळते. क्ष, ज्ञ, त्र, श्र, द्य, द्ध, द्र, ह्म, ह्य, हृ, रु, रू यांसारख्यांना स्वतंत्र ठसे ठेवावेत. माझ्या मांडणीत सुमारे २५० ठसे होतात. प्रत्येक ठसा १६ गुणिले १६ ठिपक्यांचा, एकरंगी धरला तर ३२ बाइट. सगळे मिळून ८,००० बाइट. उनोची कायमची स्मृती ३२ किलोबाइटची आहे. म्हणजे सर्वांत गरीब चिपवरही मराठीची केस मावते.

गंमत अशी की जीएफएक्सच्या नव्या फॉन्टरचनेत याची सोय नकळत झालेली आहे. तिथे प्रत्येक ठशाला ‘किती पुढे सरकायचे’ आणि ‘किती मागे-पुढे, वर-खाली काढायचे’ हे आकडे वेगळे देता येतात. रफाराला ‘शून्य सरका, मागच्या अक्षराच्या डोक्यावर काढा’ असे सांगता येते. ही डिग्री पद्धतच झाली. अशा फॉन्टमध्ये अक्षरामागची पार्श्वभूमी रंगवायची नाही, हेही तिच्या कर्त्यांनी जाणून ठरवले, कारण एक ठसा दुसऱ्यावर चढू शकतो. पार्श्वभूमी रंगवली असती तर रफाराने खालचे अक्षर पुसून टाकले असते.

याची किंमत मात्र मोजावी लागते. बदलता आकडा पुन्हा लिहिण्याआधी जुना पुसावा लागतो आणि पडदा लुकलुकतो. उपाय म्हणून एक ओळ आधी स्मृतीत रचून मग एकदम पाठवावी. १२८ गुणिले १६ची रंगीत ओळ ४,०९६ बाइट मागते, जी उनोकडे नाहीत; तीच एकरंगी रचली तर २५६ बाइट पुरतात, आणि पाठवताना शाईचा व कागदाचा रंग देता येतो. दुसरी अडचण शिरोरेषेची. कडा गुळगुळीत करणाऱ्या फॉन्टमध्ये दोन अक्षरांच्या सांध्यावर रेषा फिकट पडते, कारण प्रत्येक ठशाची कड स्वतंत्रपणे पार्श्वभूमीत मिसळलेली असते. म्हणून ठसे एका ठिपक्याने एकमेकांवर चढवावेत. इंग्रजीत असा सांधा नसतो, त्यामुळे मूळ कर्त्यांना ही गरज दिसली नाही.

ठशांना क्रमांक कोणते द्यायचे? युनिकोडने खासगी वापरासाठी ६,४०० क्रमांक मोकळे ठेवले आहेत, ते वापरावेत. पण एक पथ्य कडक पाळावे : हे क्रमांक साठवणुकीत कधीही जाऊ नयेत. मजकूर युनिकोडमध्ये राहावा, ठशांत रूपांतर पडद्यावर जाताना शेवटच्या क्षणी व्हावे. नव्वदच्या दशकात प्रत्येक मराठी फॉन्टने इंग्रजीच्या जागांवर आपापले ठसे बसवले. त्या काळच्या किती फायली आज कोणत्याच संगणकावर वाचता येत नाहीत, हे दिवाळी अंकांच्या संपादकांना वेगळे सांगायला नको. लेखकाची वही आणि जुळाऱ्याची केस यांत गल्लत झाली की वही हरवते.

पाठभेद आणि परंपरा

एखादी गोष्ट लायब्ररीत पहिल्यांदा कशी शिरते याला फार महत्त्व असते. जीएफएक्सच्या मूळ फॉन्टमध्ये १७६ क्रमांकाचे एक चिन्ह गाळले गेले होते, त्यामुळे पुढची सारी चिन्हे एकेका घराने सरकली. चूक लक्षात आली तोवर असंख्य लोकांनी त्या चुकीच्या क्रमांकांवर आपले प्रोग्रॅम लिहिले होते. म्हणून आजही ती लायब्ररी मुळात चुकीचाच क्रम पाळते. बरोबर हवा असेल त्याने तसे सांगायचे. पोथीच्या नकलाकाराने गाळलेले अक्षर पुढच्या सगळ्या प्रतींत गळावे आणि संपादकाने तोच पाठ वर ठेवून शुद्ध पाठ तळटीपेत द्यावा, तसे हे.

आता हाच न्याय मराठीला लावा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. लिपीत फरक फक्त र च्या रूपाचा, अर्थात जमीन-पाण्याचा. युनिकोडने ‘ऱ’ला वेगळा क्रमांक दिलेला आहे. पण हिंदीपुरते पाहून कोणी जुळारी लिहिला, तर ‘शेतकऱ्यांसाठी’ या शब्दावर रफार चढेल आणि तोच रूढ होईल. ‘ॲप’मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, जुना तक्ता घेतला की तिथे रिकामी चौकट दिसणार. पाकळीचा ल आणि देठाचा श महाराष्ट्र शासनाने प्रमाण मानले आहेत. संगणकावरचे चांगले फॉन्ट ‘भाषा मराठी’ असे सांगितले की ती रूपे देतात. ठिपक्यांच्या फॉन्टला भाषा विचारता येत नाही. जे वळण कोरले तेच सर्वांच्या माथी. रा. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ घडवला तेव्हा पडद्यावरच्या देवनागरीच्या वळणाची जबाबदारी एका सुलेखनकाराकडे होती. छोट्या पडद्याच्या बाबतीत ती सध्या कोणाकडेच नाही.

म्हणून हा विषय मी तांत्रिक मासिकाऐवजी या अंकात मांडतो आहे. संहिता लिहिणारे तरुण परभणीतही आहेत, पुण्यातही आहेत. त्यांना ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक सांगणारा माणूस शेजारी हवा. खिळे कसे असावेत यावर पूर्वी संपादक, पंडित आणि मुद्रक एकत्र बसून भांडत. ते भांडण पुन्हा सुरू व्हायला हवे, यावेळी १६ ठिपक्यांच्या उंचीत.

त्यासाठी परीक्षेचे दहा शब्द सुचवतो. आर्द्रता, स्थिती, दर्या, दऱ्या, शेतकऱ्यांसाठी, उष्णता, हृदय, रुपया, ॲप, लक्षांश. यांत रफार आहे, मागे जाणारी वेलांटी आहे, ‘ऱ्या’ आहे, अर्धा ष आहे, हृ आणि रु यांची खास रूपे आहेत, ॲ आहे, ल-श यांचे वळण आहे. कोणतीही लायब्ररी ‘देवनागरी येते’ असे म्हणू लागली की हे दहा शब्द तिच्याकडून लिहून घ्यावेत आणि ठिपके मोजावेत. यासाठी संहिता वाचता येण्याची गरज नाही. मराठी वाचता आली की पुरे. या चारही लायब्रऱ्यांचे मूळ रूप आज त्या परीक्षेत अनुत्तीर्ण होते. त्या खुल्या आहेत, त्यामुळे पुढची दुरुस्ती आपल्यालाच करता येईल.